परत येणं वेगळं, परत धाडणं वेगळं

गेल्या महिन्यात आमच्या चित्रपट मंडळात 'द ऑफुल ट्रुथ' दाखवला. १९३७ सालचा, कोलंबिया स्टुडिओचा, लिओ मॅकेरीनं दिग्दर्शित केलेला, आयरीन डन आणि केरी ग्रँट यांचा. दीड तास सगळे पोटभर हसले, मग दिवे लागले आणि वादाला तोंड फुटलं. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "कितीही भांडले तरी शेवटी एकत्र आलेच की नाही? आजकालच्या मुलांना हे दाखवलं पाहिजे. जरा खुट्ट झालं की वकील गाठतात." मागच्या रांगेतली एक मुलगी ताडकन उठली. "म्हणजे शेवटी बाईनं त्याच नवऱ्याच्या घरी नांदायला जायचं, असंच ना काका? ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचं हे औषध आम्हाला पुन्हा पाजू नका." सभागृहाचे सरळ दोन तट पडले आणि चित्रपट बाजूलाच राहिला. त्या दिवसापासून मला चैन नाही, कारण मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, आणि दोघांची चूक एकच आहे. 'संसार मोडू नये' हा या चित्रपटाचा सांगावा आहे, हे दोघांनीही गृहीत धरलंय. एकाला तो आवडला, दुसरीला त्याचा संताप आला, एवढाच फरक. माझ्या मते चित्रपट सांगतो ते असं: मोडायची पूर्ण मोकळीक असेल, तरच जोडण्याला काही अर्थ असतो. या गोष्टीत घटस्फोट खलनायक नाही. घटस्फोट झाला म्हणूनच त्या दोघांचं लग्न खऱ्या अर्थानं सुरू होतं.

कथा थोडक्यात सांगायला हवी, कारण वाद घालताना तिच्यातले तपशीलच गळून पडतात. जेरी वॉरिनर बायकोला फ्लोरिडाला जातो म्हणून सांगतो आणि न्यूयॉर्कमध्येच राहतो. चेहरा उन्हानं रापल्यासारखा दिसावा म्हणून क्लबात दिव्याखाली बसून घेतो. घरी येताना संत्र्यांची टोपली आणतो, तर त्या संत्र्यांवर कॅलिफोर्नियाचा शिक्का. इकडे लुसी सकाळी घरी येते ती आदल्या रात्रीच्या पार्टीच्या पोशाखात, सोबत देखणा संगीतशिक्षक आर्मां. वाटेत गाडी बिघडली, असं ती सांगते. दोघांचाही एकमेकांवर विश्वास बसत नाही. लुसी तिथल्या तिथे वकिलाला फोन लावते. वकील फोनवर विवाहसंस्थेचं गुणगान करत असतो आणि मध्ये बोलणाऱ्या स्वतःच्या बायकोवर खेकसत असतो. कोर्टात कुत्रा कुणाकडे राहायचा यावर सुनावणी होते. घटस्फोट मंजूर होतो, पण तो पक्का व्हायला नव्वद दिवस बाकी असतात. उरलेला सगळा चित्रपट त्या नव्वद दिवसांत घडतो.

जेरी नेमका कुठे होता, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. गाडी खरंच बिघडली होती का, याचाही पुरावा देत नाही. नावात 'सत्य' आहे, पण ते सत्य कुणी उकरून काढत नाही. मला ही मॅकेरीची सगळ्यात धाडसी गोष्ट वाटते. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानं शेवटी एखादा साक्षीदार आणला असता, लुसी निर्दोष ठरली असती, जेरीनं माफी मागितली असती आणि प्रेक्षक समाधानानं घरी गेले असते. म्हणजे पुन्हा कोर्टच झालं असतं, फक्त दिवाणखान्यातलं. चित्रपटाच्या आरंभी जेरी मोठ्या तोऱ्यात सांगतो की लग्न विश्वासावर उभं असतं, विश्वास गेला की सगळं गेलं. हे वाक्य तो बोलतो तेव्हा त्याची स्वतःची थाप उघडी पडायला फारसा वेळ उरलेला नसतो. विश्वास म्हणजे पुरावा मिळाल्यावर द्यायची पोचपावती नव्हे, हे त्याला कळायला नव्वद दिवस लागतात.

आता विरोधी बाजूचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत ते घेऊ. पहिला सेन्सॉरचा. १९३४ च्या जुलैपासून हॉलिवूडमध्ये जोसेफ ब्रीनच्या कार्यालयानं, म्हणजे चित्रपट तपासणाऱ्या सेन्सॉरनं, आचारसंहिता कडक अमलात आणली. विवाहसंस्थेचं पावित्र्य राखलंच पाहिजे, असं त्या संहितेत स्पष्ट लिहिलं होतं. अशा वेळी घटस्फोटानं सुरू झालेली गोष्ट पुनर्मीलनावर संपवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, असं म्हणतात. शिवाय नायक-नायिका पूर्वीचे नवराबायको असले की शेजारशेजारच्या खोल्या आणि रात्रीचे प्रसंग दाखवायला सोय होते, हेही खरं. पण हा मुद्दा पुरता टिकत नाही. हे मूळ आर्थर रिचमनचं नाटक, १९२२ सालचं. त्यावर १९२५ मध्ये मूकपट निघाला, १९२९ मध्ये बोलपट निघाला. ब्रीनचं कार्यालय उघडण्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट तिसऱ्यांदा सांगण्याइतकी लोकांच्या ओळखीची होती. सेन्सॉरनं शेवट लादला असेल, तर आधीच्या सांगणाऱ्यांवर तो कुणी लादला होता?

आणि त्या काळातल्या न्यूयॉर्कचा कायदा आठवा. १७८७ पासून १९६६ च्या सुधारणेपर्यंत त्या राज्यात घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण चालत असे. दोघांचं पटत नाही, बोलणं संपलंय, एकमेकांचं तोंड पाहवत नाही, या कशालाही कायद्यात जागा नव्हती. त्यामुळे ज्यांना वेगळं व्हायचं होतं ते कोर्टापुढे व्यभिचाराचं नाटक उभं करत, नाहीतर नेवाडातल्या रेनो गावी जात. तिथे १९३१ पासून सहा आठवडे मुक्काम केला की काम होत असे. जेरीच्या तोंडीही रेनोचं नाव येतं. अशा समाजात घटस्फोटाला कलंक न मानता दोन शहाण्या, सुस्वभावी माणसांच्या आयुष्यातला एक टप्पा म्हणून दाखवणं ही लहान गोष्ट नव्हती. तेही मॅकेरीसारख्या श्रद्धाळू कॅथलिक माणसानं. ज्यांना हा चित्रपट 'संसार टिकवा' या मोहिमेत सामील करून घ्यायचाय, त्यांनी एवढं तरी पाहावं की यात घटस्फोटामुळे कुणाचं वाटोळं होत नाही. उलट लग्नाचे गोडवे गाणारा वकीलच त्यात हास्यास्पद ठरतो.

दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. ही श्रीमंतांची गंमत आहे. यांना मूल नाही, कर्ज नाही, सासू नाही, नोकरीची चिंता नाही. १९३३ साली अमेरिकेत कामकऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार होता. त्यानंतर चारच वर्षांनी पडद्यावर ही मंडळी रात्री क्लबात आणि दिवसा चहापानाला. कुत्र्याच्या ताब्यावरून भांडणारी माणसं खऱ्या घटस्फोटाबद्दल आम्हाला काय शिकवणार? त्या मुलीचाही रोख इकडेच होता, आणि इथे मी तिच्याशी बराचसा सहमत आहे. पोटगीसाठी तारखांवर तारखा घालवणाऱ्या बाईला हा चित्रपट दिलासा म्हणून दाखवणं क्रूरपणाचं होईल. पण लेखक-दिग्दर्शकानं मूल, पैसा, घर ही ओझी काढून ठेवली, त्यामागे एक प्रश्न आहे, आणि तो प्रश्न श्रीमंतांपुरता नाही. आपल्याकडे 'का नांदतेस?' असं विचारलं तर उत्तरं काय येतात? मुलांसाठी. लोक काय म्हणतील म्हणून. माहेरी कोण विचारणार म्हणून. ही सगळी उत्तरं खरी आहेत, पण त्यांत तो नवरा कुठेच नाही. लुसीपाशी यातलं एकही उत्तर शिल्लक ठेवलेलं नाही. सगळी कारणं गेल्यावर जे उरतं, त्याला लग्न म्हणायचं की नाही, हे तिला ठरवायचंय.

काय उरतं, ते तिच्या गाण्याच्या कार्यक्रमात दिसतं. लुसीचं आणि आर्मांचं काहीतरी चाललंय अशी खात्री करून घेऊन जेरी त्याच्या घरात घुसतो. बघतो तर भरली सभा, आणि लुसी पियानोपाशी उभी राहून गातेय. शरमून तो मागे एका खुर्चीवर बसतो, खुर्ची कलते आणि टेबलासकट तो जमिनीवर. लुसी गाणं थांबवत नाही. तिला हसू आवरत नाही, पण शेवटचा स्वर घ्यायचाच आहे, तेव्हा ती ते हसूच त्या स्वरात मिसळून टाकते. आयरीन डन मुळात गायिका होती, म्हणून हे इतकं अचूक जमतं. मी हा प्रसंग कितीतरी वेळा पाहिला आणि दर वेळी मला वाटतं की इथेच निकाल लागला. त्यानंतर थोड्याच वेळात ती आत्याजवळ कबूल करते की त्या वेड्यावरच आपलं अजून प्रेम आहे. तिच्याशी लग्न करायला निघालेला ओक्लाहोमाचा डॅन लीसन सज्जन आहे, पैसेवाला आहे, तिच्यावर कविता करतो. पण त्याच्या घरात तिला असं हसू कधी फुटणार नाही. हे डॅनच्या गरीब मनावर अन्याय करणारं आहे का? आहे. राल्फ बेलामीनं त्याला इतका भाबडा केलाय की आपल्याला अपराधी वाटतं. पण दया येते म्हणून कुणाशी लग्न करावं, असं आपल्यापैकी कोण म्हणेल?

नवराबायकोचं एकमेकांशी बोलणं हा लग्नाचा मुख्य हेतू, हा विचार काही हॉलिवूडनं शोधलेला नाही. १६४३ मध्ये इंग्रज कवी जॉन मिल्टननं घटस्फोटाच्या बाजूनं पुस्तिका लिहिली. तिच्यात तो म्हणतो की सुयोग्य आणि आनंदाचा संवाद हेच विवाहाचं पहिलं आणि सर्वात थोर उद्दिष्ट आहे, आणि तो नसेल तर ते लग्न नव्हेच. व्यभिचारापेक्षाही जुळत नसणं हे घटस्फोटाचं मोठं कारण मानावं, असा त्याचा युक्तिवाद. इंग्लंडात कोर्टातून घटस्फोट मिळायला त्यानंतर १८५७ साल उजाडलं. मिल्टनची तरुण पत्नी मेरी पॉवेल १६४२ मध्ये लग्नानंतर काही आठवड्यांतच माहेरी निघून गेली होती, आणि १६४५ मध्ये ती परत आली. मिल्टननं तिला घरात घेतलं. अमेरिकी तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेलनं १९८१ च्या आपल्या पुस्तकात मिल्टनचा हाच धागा धरून 'द ऑफुल ट्रुथ'सह सात चित्रपट एका माळेत ओवले आणि त्यांना पुनर्विवाहाच्या विनोदिका म्हटलं. त्याचं सगळं मला पटतं असं नाही. सातही चित्रपट तो एकाच मायेनं पाहतो, आणि तिथे माझी गाडी अडते.

कारण त्या माळेतले सगळे मणी सारखे नाहीत. १९४० च्या 'द फिलाडेल्फिया स्टोरी'च्या सुरुवातीलाच केरी ग्रँट कॅथरीन हेपबर्नच्या चेहऱ्यावर हात ठेवून तिला धक्का देतो, ती मागे कोसळते आणि आपण हसावं अशी अपेक्षा असते. पुढे तिचा बाप स्वतःच्या बाहेरख्यालीपणाचा दोष तिच्या थंडपणावर टाकतो, आणि पटकथा त्याला अडवत नाही. मला त्याचं समर्थन करता येत नाही, करायचंही नाही. त्याच वर्षीच्या 'हिज गर्ल फ्रायडे'त हिल्डी जॉन्सन ही मूळ नाटकातल्या पुरुष बातमीदाराची जागा घेते आणि संपूर्ण कचेरीत तिच्याइतकं तल्लख कुणी नाही. पण शेवटच्या क्षणी तिचा पूर्वीचा नवरा आणि संपादक वॉल्टर पुढे चालू लागतो आणि ती बॅग उचलून त्याच्यामागे. मागच्या रांगेतल्या त्या मुलीनं या दोन चित्रपटांवर बोट ठेवलं असतं, तर मी गप्प बसलो असतो. परत जाणाऱ्या प्रत्येक नायिकेच्या बाजूनं मी उभा नाही. कोण कशानं परत गेली, हे दर वेळी वेगळं पाहावं लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हा भेद इतिहासात फार जुना आणि फार महाग पडलेला आहे. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' या नाटकातल्या नोरानं १८७९ मध्ये नवऱ्याचं घर सोडून दार ओढून घेतलं. जाताना ती म्हणते की आपलं एकत्र राहणं हे खरं लग्न झालं, तरच चमत्कार घडला म्हणायचा. जर्मनीतल्या प्रयोगासाठी शेवट बदलण्याची मागणी झाली, तेव्हा दुसरं कुणीतरी मोडतोड करण्यापेक्षा इब्सेननं स्वतःच तो बदलून दिला. नवरा नोराला झोपलेल्या मुलांपाशी नेतो आणि ती तिथेच गळून पडते, घर सोडत नाही. इब्सेन त्या शेवटाला रानटी अत्याचार म्हणत असे. दोन्ही शेवटांत फरक नोरा कुठे राहते एवढाच नाही. दुसऱ्यात तिला मुलं दाखवून अडवलंय.

आपल्या मुंबईत तर हे कागदावर घडलं. रखमाबाईंचं लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना झालं होतं. त्या नांदायला येत नाहीत म्हणून दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, पण १८८७ मध्ये निकाल फिरला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. या प्रकरणात मला नेहमी आपलाच शब्द खटकतो. नांदणे म्हणजे सुखानं राहणे. 'नांदा सौख्यभरे' हा आपला आशीर्वाद. आणि त्याच क्रियापदाचा आपण दावा केला. एका घरात येऊन राहा, असा हुकूम कोर्ट काढू शकतं. नांद, असा हुकूम कोणतं कोर्ट काढणार? तरी जोडीदारानं नांदायला यावं म्हणून दावा लावू देणारं हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ आजही तिथेच आहे. म्हणूनच जेव्हा कुणी 'शेवटी एकत्र आले ना' असं समाधानानं म्हणतं, तेव्हा मला रखमाबाई आठवतात. एकत्र आणलेले आणि एकत्र आलेले, यांतला फरक ज्याला दिसत नाही, त्यानं 'द ऑफुल ट्रुथ' पाहिला असला तरी तो त्याच्यापर्यंत पोचलेला नाही.

ज्येष्ठांच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मी मनापासून मान्य करतो. थांबण्याला किंमत आहे. रागाच्या भरात लावलेला फोन आणि कायमचा निर्णय यांच्यामध्ये काही दिवस असावेत. चित्रपटातले नव्वद दिवस नसते, तर लुसी ओक्लाहोमात आणि जेरी एका श्रीमंत घराण्याचा जावई झाला असता. आपल्याकडे १९७६ मध्ये परस्परसंमतीचा घटस्फोट कायद्यात आला तेव्हा दोन अर्जांमध्ये किमान सहा महिन्यांचं अंतर ठेवलं गेलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पुन्हा जुळण्याची शक्यताच नसेल, तर न्यायालय हा काळ माफ करू शकतं. मला दोन्ही गोष्टी बरोबर वाटतात. लुसीचे नव्वद दिवस उपयोगी पडले, कारण त्या काळात तिच्या डोक्यावर कुणी बसलेलं नव्हतं. तिनं दुसऱ्याशी लग्न ठरवलं, ते मोडलं, आत्याकडे राहिली, गाणं गायली. तेच दिवस तिला सासरी मंडळींच्या समजुतीत काढावे लागले असते, तर तो काळ तिला वेठीस धरण्याचा झाला असता. थांबायला लावणाऱ्यांनी आधी इतकं बघावं की थांबणाऱ्याच्या मागचं दार उघडं आहे का.

दुटप्पीपणाचा आरोप उरतो. लुसीच्या वागण्याची झडती होते, जेरीच्या पंधरवड्याची होत नाही. खरंय. ती झडती जेरी घेतो, आणि त्याच्या प्रत्येक झडतीत त्याचंच हसं होतं, हेही खरंय. पण हसं होणं आणि हिशेब चुकता होणं या दोन गोष्टी आहेत, आणि हिशेबाच्या बाबतीत चित्रपट लुसीला पुरता न्याय देत नाही. तिनं तो न मागता सोडून दिला, म्हणून तो आपणही सोडावा असं मी म्हणणार नाही.

मात्र 'बाईला परत पाठवलं' हे निव्वळ चुकीचं वर्णन आहे, आणि ते पडद्यावर तपासता येतं. जेरीचं दुसरं लग्न ठरलंय. लुसी स्वतः त्या प्रतिष्ठित घरात जाते, त्याची उनाड बहीण म्हणून. जेरी आणि ती दोघांनी मिळून एका नाइट क्लबात पाहिलेलं थिल्लर गाणं ती तिथे नाचून दाखवते. बाकीचे दगड होतात. जेरीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरतं, कारण त्या दिवाणखान्यात ते गाणं फक्त त्यालाच ओळखू येतं. ठरलेलं लग्न मोडतं ती, गाडी निकामी करते ती, रात्री त्याला आत्याच्या गावाबाहेरच्या घरी आणते तीच. तिथे दोघांच्या खोल्यांमध्ये एक दार आहे आणि त्याची कडी नीट बसत नाही. वारा आला की ते उघडतं. घटस्फोट मध्यरात्री पक्का होणार आहे. ती अंथरुणात, तो दारात. गोष्टी तशाच राहतील पण थोड्या वेगळ्या, कारण मी आता वेगळा आहे, असं काहीतरी तो अडखळत सांगत असतो आणि ती त्याला सोपं करून देत नाही. घड्याळावर दोन बाहुल्या आहेत, एक बाई आणि एक बुवा, प्रत्येकाचं दार निराळं. पाऊण तासाचा ठोका पडतो तेव्हा दोघं आपापल्या दारानं आत गेलेली असतात. बाराचे ठोके पडतात. बाई आपल्या दारानं आत जाते, बुवा त्याच्या दाराशी येऊन वळतो आणि तिच्या मागोमाग तिच्या दारानं आत शिरतो.